जोसेफिनआजींना दहा मिनिटं पुरणार नाहीत: कॅनडातल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
टोरांटोपासून व्हँकुवरपर्यंतच्या सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

मी थंडर बेमध्ये राहते. सुपीरियर सरोवराच्या वायव्य काठावरचं हे गाव. मी आले तेव्हा इथे आपली चारपाच घरं होती. आता विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मुलांमुळे गणपतीला पन्नाससाठ पानं उठतात. मी एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. सकाळी बाटल्या येतात, त्यावर गावाचं नाव, तारीख आणि वेळ लिहिलेली असते. मी गढूळपणा बघते, क्लोरीन बघते, जंतू वाढतात का बघते आणि आकडे भरून पुढे पाठवते. हे पत्र एका अनिशिनाबे आजींबद्दल आहे; अनिशिनाबे म्हणजे या सरोवरांच्या काठचा मूळनिवासी समाज. त्यांच्यामुळे माझं हे रोजचं काम मला वेगळं दिसायला लागलं.

2019 च्या फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण दोन दिवस कामावर आली नाही. ती अनिशिनाबे आहे. आल्यावर मी विचारलं, घरी कुणाचं काही झालं का? ती म्हणाली, ‘आमच्या आजी गेल्या, पाण्यासाठी चालणाऱ्या.’ मला वाटलं, तिची सख्खी आजी. मी खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि माझ्या बाटल्यांकडे वळले. घरी आल्यावर बातम्यांत फोटो दिसला: पांढरे केस, लांब घागरा, हातात तांब्याची छोटी बादली. जोसेफिन मंडामिन, 22 फेब्रुवारीला थंडर बेमध्ये निधन. सगळी पंचमहासरोवरं पायी फिरलेली बाई माझ्याच गावात राहत होती. मी आठ हिवाळे इथे काढले होते, त्याच सरोवराचं पाणी पीत आणि तपासत होते, आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

ती रुखरुख अजून गेलेली नाही. पत्र लिहिण्याचं खरं कारण तीच.

जोसेफिनआजी 1942 साली जन्मल्या, ह्यूरन सरोवरातल्या मनिटूलिन बेटावर, विक्वेमिकाँगमध्ये. 1862 साली या बेटाचा करार झाला तेव्हा विक्वेमिकाँगच्या लोकांनी सही केली नाही. त्यांनी आपली जमीन कधीच कुणाला दिली नाही आणि हे आजही ते आपल्या नावातच सांगतात. मंडामिन म्हणजे त्यांच्या भाषेत मका. त्यांचं अनिशिनाबे नाव बीदासिगे, प्रकाश घेऊन येणारी. माणूस गेल्यावर त्याच्या नावाला शेवटी ‘बा’ जोडतात, म्हणून त्यांचे लोक आता त्यांना जोसेफिन-बा म्हणतात. आपण नावाआधी कैलासवासी लावतो, ते नावानंतर ‘बा’ लावतात. मला हा ‘बा’ ऐकायला फार जवळचा वाटतो. अर्थ वेगळा आहे हे माहीत असूनही.

त्यांच्या लहानपणी त्यांचं ज्ञान उघडपणे सांगायची सोय नव्हती. मूळनिवासींचे कितीतरी समारंभ सरकारनं कायद्यानं बंद केले होते आणि ती बंदी कायद्यातून निघाली 1951 साली, जोसेफिनआजी नऊ वर्षांच्या असताना. मनिटूलिनच्या मुलांना समोरच्या काठावरच्या स्पॅनिश नावाच्या गावातल्या निवासी शाळेत नेत. कॅनडाभरात अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. तिथे मातृभाषा बोललं की शिक्षा होई. शेवटची शाळा 1990 च्या दशकात बंद झाली, म्हणजे आपल्यापैकी काही जण इथे राहायला आले होते तेव्हा. आजीनं नातीला सांगायचं आणि नातीनं पुढे न्यायचं, ही साखळी सरकारनं ठरवून तोडली. म्हणून इथे ‘ज्ञान जपणारी’ या शब्दांना वजन आहे. आपल्याकडे आजीच्या ओव्या हरवल्या त्या आपल्या दुर्लक्षानं. यांच्या आज्यांनी जे राखलं ते पोलीस, पाद्री आणि सरकारी एजंट यांच्या डोळ्यांदेखत राखलं.

तर पाण्याची गोष्ट. अनिशिनाबे परंपरेत पाण्याची जबाबदारी बायकांकडे आहे. बाळ नऊ महिने पाण्यात असतं आणि जन्माआधी ते पाणी येतं. म्हणून पाण्याशी पहिलं नातं बाईचं. पाण्याशी बोलायचं, त्याचे आभार मानायचे, ते आजारी पडलं तर त्याच्याकडे लक्ष द्यायचं, ही बाईची जबाबदारी. एडवर्ड बेंटन-बनाई नावाचे त्यांचे एक मोठे वडीलधारे होते. आणखी तीसेक वर्षांत पाण्याला सोन्याचा भाव येईल, असं त्यांनी एका समारंभात सांगितलं आणि ऐकणाऱ्यांना विचारलं की तुम्ही यावर काय करणार आहात. असं भाकीत ऐकून आपण माना डोलावतो आणि जेवायला उठतो. जोसेफिनआजींनी तो प्रश्न स्वतःला विचारलेला मानला.

2003 च्या वसंतात त्या निघाल्या. दोन आज्या आणि सोबतीला थोडी माणसं. तांब्याच्या बादलीत सुपीरियरचं पाणी घेतलं आणि त्या सरोवराला पायी वळसा घालायचं ठरवलं. हे सरोवर 82,100 चौरस किलोमीटरचं आहे, महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठं. सगळ्यात खोल जागी 406 मीटर. अनिशिनाबेमोविनमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, त्याला गिचिगामी म्हणतात, मोठं पाणी. रस्त्यानं फेरी धरली तर सुमारे 2,000 किलोमीटर होतात. एक कॅनेडियन प्रांत आणि तीन अमेरिकन राज्यं लागतात. आजी तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. इकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. टोरांटोत ट्यूलिप येतात, आमच्याकडे सरोवराच्या काठाला अजून बर्फ असतो. उत्तर काठाचा रस्ता डोंगरातून जातो, बहुतेक दुपदरी, आणि लाकडाचे ट्रक कानाजवळून जातात. मी त्या रस्त्यानं गाडीतून जातानाही हँडल घट्ट धरते.

या चालण्याचे नियम आहेत आणि मला सगळ्यात जास्त ते आवडले. पहाटे अंधारात निघायचं आणि संध्याकाळपर्यंत चालायचं. बादली एकदा उचलली की दिवसभर पाणी थांबत नाही. एक बाई थकली की दुसरी शेजारी येते, चालता चालता बादली हातात घेते, ‘पाण्यासाठी मी हे करीन’ अशा अर्थाचे शब्द आपल्या भाषेत म्हणते आणि पुढे जाते. नदी थांबत नाही आणि मागे वळत नाही, म्हणून बादलीही नाही. बादली बाईच्या हातात असते. बरोबर गरुडाच्या पिसांची काठी असते, ती बहुतेक पुरुष धरतो. वाटेत ओढा, नदी, ओहोळ जे लागेल तिथे चिमूटभर तंबाखू वाहायचा.

इथे थांबून तंबाखूबद्दल सांगते, कारण मंडळात मी हे बोलले तेव्हा हशा झाला होता. आपल्या डोळ्यांसमोर चुन्याची डबी येते. त्यांच्याकडे तंबाखू, म्हणजे असेमा, ही चार पवित्र वनस्पतींपैकी पहिली. काही मागायचं असेल, विचारायचं असेल, आभार मानायचे असतील, तर आधी असेमा द्यायचा. वडीलधाऱ्यांकडे काही शिकायला जायचं तर कापडाच्या तुकड्यात बांधलेला तंबाखू पुढे करायचा आणि काय हवं ते सांगायचं. त्यांनी घेतला म्हणजे ते हो म्हणाले. आपण सुपारी देऊन आमंत्रण करतो, एवढं आठवलं तरी समजायला पुरे आहे.

सुपीरियरनंतर पुढची काही वर्षं दर वसंतात एकेक सरोवर: मिशिगन, ह्यूरन, ओंटारियो, एरी. मग सेंट लॉरेन्स नदीच्या काठानं समुद्राकडे. 2011 साली चार दिशांनी चार बादल्या निघाल्या, अटलांटिकमधून, पॅसिफिकमधून, मेक्सिकोच्या आखातातून आणि हडसन उपसागरातून. खारं पाणी बायकांच्या हातांतून शेकडो मैल चालत आलं आणि विस्कॉन्सिनच्या काठावर सुपीरियरला भेटलं. 2017 साली, पंचाहत्तराव्या वर्षी, जोसेफिनआजी पुन्हा निघाल्या, डुलूथहून क्वेबेकमधल्या मतानपर्यंत. त्यांचे एकूण किलोमीटर प्रत्येक जण वेगळे सांगतो आणि मला त्यात शिरायचं नाही. त्या मोजायला निघाल्याच नव्हत्या.

वाचताना तुमच्या मनात नर्मदा परिक्रमा आली असणार. माझ्याही आली. माझ्या मावसआजीनं नर्मदामाईला उजव्या हाताला ठेवून तीन वर्षं चालून परिक्रमा केली होती. तिचे फुटलेले तळवे मी लहानपणी पाहिलेत. त्यामुळे ही बाई मला एकदम घरची वाटली आणि त्या ओढीतच मी पहिली चूक केली. एका कार्यक्रमात मी जोसेफिनआजींची ओळख ‘इथल्या वारकरी’ अशी करून दिली. लोकांना आवडलं, टाळ्या पडल्या. माझ्या त्याच मैत्रिणीनं नंतर वारकरी म्हणजे काय ते विचारलं. मी समजावल्यावर ती म्हणाली, ‘तुमच्या चालणाऱ्यांना सरकारनं कधी तुरुंगात टाकलं होतं का? त्यांची मुलं काढून नेली होती का?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यानंतर मी तो शब्द त्यांच्यासाठी वापरलेला नाही. त्या अनिशिनाबे आजी होत्या, एवढी ओळख पुरे आहे. आपली ओळख त्यांना चिकटवली की आपल्याला लगेच ऊब वाटते आणि पुढचं ऐकायची गरज वाटेनाशी होते. तुम्हीही तसं करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता पुढचं. हे जरा लांबेल, कारण मी ज्या टेबलावर काम करते तिथून ते रोज दिसतं.

2000 साली ओंटारियोतल्या वॉकरटन गावात विहिरीच्या पाण्यात शेणातले ई. कोलाय जंतू गेले. सात माणसं मेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. चौकशी झाली, प्रांतानं 2002 साली कडक कायदा केला. आमच्यासारख्या प्रयोगशाळांना परवाने आले, 100 मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय चालणार नाही, सापडला तर ताबडतोब फोन, अशी सगळी शिस्त आली. या शिस्तीवर माझं पोट चालतं आणि मला तिचा अभिमान आहे. पण तो प्रांताचा कायदा मूळनिवासींच्या राखीव वस्त्यांना लागू होत नाही. त्या केंद्राच्या अखत्यारीत. केंद्रानं 2013 साली एक कायदा केला, तो 2022 साली रद्द केला. नवं विधेयक 2023 च्या डिसेंबरमध्ये मांडलं, ते संसदेचं अधिवेशन गुंडाळल्यावर 2025 च्या जानेवारीत बारगळलं. माझ्या नळाला कायदा आहे आणि माझ्या मैत्रिणीच्या आत्याच्या नळाला तो नाही, दोघी ओंटारियोत राहत असून.

थंडर बेच्या उत्तरेला सुमारे 450 किलोमीटरवर नेस्कांटागा नावाची मूळनिवासी वस्ती आहे. विमानानं जावं लागतं. तिथे 1 फेब्रुवारी 1995 पासून नळाचं पाणी उकळूनच प्या असा इशारा आहे. तीस वर्षं उलटून गेली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या टाकीत तेलकट तवंग आला, पाणी बंद करावं लागलं आणि अडीचशेहून जास्त माणसांना विमानानं आमच्या गावातल्या हॉटेलांत आणलं. कोविडचे दिवस होते. आपल्या मुलांनी डबे करून पाठवले, मी चिवडा केला होता. चिवडा घ्यायला आलेली एक पोरगी हॉटेलच्या दारातला पाण्याचा नळ उघडझाक करून बघत होती. तिच्या आईनं हटकलं नाही. मीही काही बोलले नाही. तिच्या वयाच्या कुणीही आपल्या गावात नळातून थेट पाणी प्यायलेलं नव्हतं.

विनिपेगच्या मंडळाला वेगळं सांगायला हवं. तुमच्या नळाला 1919 पासून जे पाणी येतं ते शोल लेकचं, सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या कालव्यातून. त्या सरोवराकाठच्या शोल लेक 40 या अनिशिनाबे वस्तीची जागा त्या बांधकामात तुटून जवळजवळ बेट झाली. आणि त्याच लोकांना 1997 पासून 2021 च्या सप्टेंबरपर्यंत पाणी उकळून किंवा बाटलीतलं प्यावं लागलं. शहरासाठी शुद्ध आणि काठावरच्यांसाठी नाही. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर कोण आणि कशासाठी जमलं होतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. विनिपेगमध्ये राहून ते पाठ असणाऱ्या माणसानं शोल लेकचं नाव न ऐकलेलं असणं मला सहन होत नाही.

2015 मध्ये केंद्र सरकारनं शब्द दिला की असे दीर्घकाळचे सगळे इशारे 2021 च्या मार्चपर्यंत संपवू. तेव्हा सार्वजनिक नळयोजनांवर 105 इशारे होते. त्यातले बरेच उठले, हे खरं आहे आणि त्यासाठी राबलेल्या लोकांचं श्रेय काढून घेऊ नये. पण तारीख हुकली. त्याच वर्षी वस्त्यांनी लढवलेल्या दाव्यात 8 अब्ज डॉलरची तडजोड झाली. दावा लावणाऱ्यांत नेस्कांटागा होतं. नेस्कांटागाचा इशारा अजून आहे.

जोसेफिनआजी हे सगळं बघत होत्या. अनिशिनाबेक नेशन या संघटनेनं पाण्यासाठी स्त्रियांचा आयोग नेमला, त्याच्या त्या प्रमुख होत्या. म्हणजे त्या नुसत्या चालल्या असं नाही; बैठकांत बसल्या, अधिकाऱ्यांशी बोलल्या, शाळांत गेल्या. आणि घरात शिकवलं. त्यांच्या भावंडांच्या घरातली नात ऑटम पेल्टिए हे शिकत मोठी झाली. 2016 च्या डिसेंबरमध्ये, बारा वर्षांची असताना, पंतप्रधानांना तांब्याचं भांडं भेट द्यायला तिला मंचावर बोलावलं होतं. भांडं देता देता तिनं त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही जे निर्णय घेतलेत त्यांवर मी खूप नाराज आहे. 2018 साली ती संयुक्त राष्ट्रांत बोलली. आजी गेल्यावर 2019 साली तिला आजींच्याच जागी प्रमुख जल-आयुक्त नेमलं, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तुटलेली साखळी कशी सांधतात ते मला या एका घरात दिसलं.

माझ्यावर याचा काय परिणाम झाला तेही लिहिते, नाहीतर पत्र फक्त इतरांना उपदेश होईल. मी पाण्याला नमुना म्हणते. बाटलीला नंबर असतो, काम झालं की उरलेलं बेसिनमध्ये ओततात. आजींबद्दल वाचल्यापासून ओतताना माझा हात थांबतो. माझी आई आंघोळीच्या तांब्यावर ‘गंगे च यमुने चैव’ म्हणायची, गोदावरी आणि कावेरीला नाशिकच्या न्हाणीघरात बोलवायची. मी ते इकडे येऊन सोडलं होतं. आता बेसिनपाशी मी एक शब्द म्हणते, मीगवेच. म्हणजे आभार. मैत्रिणीनं उच्चार दोनदा सुधारून दिला. निकालाचे आकडे बदलत नाहीत. पण उत्तरेकडच्या एखाद्या वस्तीची बाटली आली आणि आकडा वाईट निघाला की मी आता नुसता फोन करून थांबत नाही. पुढच्या आठवड्यात त्या गावाची बाटली आली की नाही ते शोधते, आली नसेल तर विचारते. हे माझ्या कामात लिहिलेलं नाही.

आता मंडळांकडे वळते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला भूमिपुत्रांचं ऋण मानणारा परिच्छेद वाचला जातो. मी तो बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे. तो इंग्रजीत असतो, पालिकेच्या नमुन्यावरून उतरवलेला, आणि गणेशवंदनेच्या आधी ज्याच्या हाती माइक येईल तो वाचतो. अनिशिनाबे हा शब्द येतो तिथे वाचणारा अडखळतो, खाली हसू येतं आणि पुढे जातो. मागच्या वर्षी मी एका मंडळाला कळवलं की या वेळी परिच्छेदाऐवजी जोसेफिनआजींबद्दल सांगू या, मी बोलते. उत्तर आलं, कल्पना छान आहे, लावणीनंतर आणि जेवणाआधी दहा मिनिटं देतो, फोटो पाठवा म्हणजे हार घालता येईल. मी गेले नाही. ज्यांनी उत्तर दिलं ती माणसं चांगली आहेत, राबणारी आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. पण दहा मिनिटांत एका काठाच्या एका दिवसाचं चालणंसुद्धा सांगून होणार नाही.

तो परिच्छेद मराठीत लिहा. स्वतः लिहा. ज्या करारावर तुमचं गाव उभं आहे तो वाचून लिहा. आमच्याकडे 1850 चा रॉबिन्सन-सुपीरियर करार आहे. त्यानं जमीन गेली आणि माणशी वर्षाला काही डॉलर देण्याचं ठरलं. जमिनीतून उत्पन्न वाढेल तसे ते वाढवायचे होते. 1875 साली ते 4 डॉलर झाले आणि तिथेच राहिले. 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारनं आपला शब्द मोडला. हे तुमच्या परिच्छेदात आलं की वाचणारा अडखळला तरी कुणी हसणार नाही.

दुसरं विसर्जनाबद्दल. आपण सरोवरांच्या काठाशी उभं राहून ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो. बऱ्याच मंडळांनी टबात विसर्जन सुरू केलंय, काहींनी फक्त मातीच्या मूर्ती ठेवल्यात, त्यांचं कौतुकच आहे. पण अजूनही काही ठिकाणी रंगवलेली मूर्ती पाण्यात जाते. परवानगी उद्यान खात्याची घेतलेली असते. माझी मागणी साधी आहे: रंग आणि प्लास्टर सरोवरात जाणार नाही असं प्रत्येक मंडळानं या वर्षी ठरावानं पक्कं करावं, आणि ज्या पाण्याशी आपण उभे राहतो त्या पाण्याचं जुनं नाव विसर्जनाच्या आधी मोठ्यानं घ्यावं. सुपीरियर असेल तर गिचिगामी. इतर ठिकाणचं नाव तिथल्या लोकांना विचारा.

तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. जोसेफिनआजी गेल्या, पण त्यांच्याबरोबर चाललेल्या कितीतरी बायका आहेत आणि दर वसंतात कुठल्या ना कुठल्या पाण्याकाठी चालणं होतं. तुमच्या भागात ते कधी आहे ते मूळनिवासी मैत्री केंद्रात विचारा. चालायला जा. बादली मागू नका, ती कुणी दिली तरच घ्या. मागे चाला, गाडी चालवा, थकलेल्यांना पाणी द्या, रात्रीच्या मुक्कामाला जेवण करा. पन्नास माणसांचा स्वयंपाक आपल्याइतका पटकन कोण करतं? ढोलताशा, झेंडा, मंडळाचा बॅनर मात्र घरी ठेवा. फोटो काढायचा तर आधी विचारा. समारंभाचे फोटो काढत नाहीत.

आणि एखाद्या आजींना मंडळात बोलवायचं असेल तर त्यांच्यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखा. त्या दिवशी दुसरा कार्यक्रम नको. असेमा घेऊन जाऊन बोलवा, ईमेलवर नको. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आधी सांगा. आपण पुण्याहून गायक आणतो तेव्हा देतो, तसंच. त्या गोष्ट सांगतील तर मध्ये थांबवू नका. त्या गप्प बसल्या तरी घाई करू नका. पुढच्या रांगेत आपल्या आज्यांना बसवा, ज्यांना इंग्रजी येत नाही म्हणून आपण नेहमी मागे बसवतो त्यांना. त्यांच्याशेजारी कुणी तरुण मुलगी बसून हळू मराठीत सांगेल. माझी आई मागच्या उन्हाळ्यात इथे आली होती. मी तिला मैत्रिणीच्या आत्याकडे नेलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. आईनं येताना आणलेली देवघरातली तांब्याची कळशी पाहिल्यावर त्या बाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली, आत डोकावल्या आणि आईकडे बघून काहीतरी विचारलं. मैत्रिणीनं मला सांगितलं, मी आईला सांगितलं: हिच्यात कुठलं पाणी असतं? आई म्हणाली, गोदावरीचं असायचं, आता नळाचं. आत्यानं मान हलवली आणि स्वयंपाकघरातून बाटलीतलं पाणी आणून कळशीत ओतलं. तिच्या घरी नळाचं पाणी पीत नाहीत.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हे पत्र वाचावं आणि गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी मला उत्तर द्यावं, ही विनंती. थंडर बेच्या मुलांनी आपल्यापुरतं ठरवलं आहे. या वर्षी आमचा परिच्छेद मराठीत असेल, मूर्ती शाडूची, विसर्जन टबात. वसंतातल्या चालण्याला आम्ही सात जण जातोय, दोन गाड्या आहेत, आणखी एका गाडीची आणि मोठ्या पातेल्यांची गरज आहे. असेमा कुठून आणायचा आणि कापडात कसा बांधायचा ते माझ्या मैत्रिणीनं मला शिकवलं आहे. कुणाला हवं असेल तर फोनवर सांगेन, संध्याकाळी सातनंतर.

आपली नम्र,
थंडर बेमधली एक पाणी तपासणारी